पंचिंगच्या गिगवर क्लिकची जाहिरात : जून ते सप्टेंबर २०२५ च्या नोंदी

२ जून

इचलकरंजीत एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यांसाठी १४ वर्षं पंचिंग करतोय. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: चित्र किंवा लोगो घ्यायचा, मशीनला कळेल अशी टाक्यांची फाइल बनवायची, ते पंचिंग. परदेशात त्याला डिजिटायझिंग म्हणतात. फायव्हर या ऑनलाइन कामांच्या साइटवर दोन वर्षांपासून माझी एक गिग, म्हणजे ठरलेल्या भावाची सेवा, आहे: छातीवरचा छोटा लोगो, ४ इंचांपर्यंत, १० डॉलर. पूर्वी महिन्याला पंधरा-सोळा ऑर्डरी यायच्या, आता सहा-सातवर आल्यात. गिगखाली जाहिरातीचा पर्याय दिसायला लागला म्हणून आज तो सुरू केला. रोजची मर्यादा ५ डॉलर. जाहिरातीतून कुणी गिग उघडली की त्या क्लिकचे पैसे कापतात; क्लिकची बोली किती लावायची ते आपोआप ठरू दिलं.

या नोंदी ठेवतोय कारण मला सुरू करताना आकड्यांसकट लिहिलेलं मराठीत काही सापडलं नाही. जो पुढे हे करेल त्याला निदान माझे आकडे तरी मिळावेत.

३ जून

आधी हातात काय पडतं ते मांडून ठेवतो. हे खरं तर कालच करायला हवं होतं.

गिग १० डॉलरची. ग्राहकाला त्यावर ५.५ टक्के सेवा शुल्क आणि छोट्या ऑर्डरचा जादा आकार पडतो, म्हणजे त्याच्या खिशातून १० पेक्षा बरंच जास्त जातं. माझ्या बाजूने २० टक्के कमिशन कापतात. उरले ८. बक्षिशीतूनही २० टक्के जातात. काम दिल्यावर ग्राहकाने स्वीकारलं नाही तरी तीन दिवसांनी ऑर्डर पूर्ण धरतात, आणि त्यानंतर फायव्हरवरच्या माझ्या विक्रेता-पातळीला पैसे सुटायला १४ दिवस लागतात. डॉलरचे रुपये होताना भावात थोडं कमी मिळतं. मागच्या तीन वेळचं बघितलं, ८ डॉलरचे माझ्या खात्यात साधारण ६६० ते ६७० रुपये आले.

वेळ: पंचिंगला ५० मिनिटं, मशीनवर नमुना मारून बघायला २०. नमुना न मारता मी फाइल देत नाही.

९ जून

पहिला आठवडा संपला. ८४ क्लिक, सरासरी ३७ सेंटचा एक, खर्च ३१.०८ डॉलर. ऑर्डर एक. कमिशन जाऊन ८ डॉलर आले. तोटा २३.०८, आणि ७० मिनिटांचं काम वर.

आठवडाभर मी रोज सकाळी क्लिक वाढलेले बघून खूश होत होतो. खर्चाचा रकाना शेजारीच होता, तो ऑर्डर आल्यावर भरून निघेल असं धरून चाललो होतो. इथेच चूक झाली. काल रात्री कागदावर साधं गणित केलं: एका ऑर्डरमागे हातात जे पडतं त्याला ऑर्डर मिळायला लागलेल्या क्लिकनी भागायचं. जो आकडा येतो त्यापेक्षा एका क्लिकला एक सेंटही जास्त द्यायचा नाही. माझं ८ भागिले ८४, म्हणजे साडेनऊ सेंट. मी देत होतो ३७.

समजा २५ क्लिकला एक ऑर्डर आली असती, तरी मर्यादा ३२ सेंटची. आणि तीसुद्धा मजुरी शून्य धरून. जाहिरात बंद केली.

११ जून

८४ माणसांनी गिग उघडली आणि ८३ परत गेली. का गेली हे शोधायचं होतं. त्या आठवड्यात निरोप पाठवणारे पाच जण होते, त्यांचे निरोप पुन्हा नीट वाचले. तिघांना लोगो काढून हवा होता. एकाला भरतकाम केलेले बारा पोलो शर्ट हवे होते, पोचते करून. पंचिंग हवं असलेला एकच, आणि ऑर्डर त्याचीच.

गिगचं पहिलं चित्र उघडून बघितलं. निळ्या पोलो शर्टावर सुंदर भरलेला लोगो. फाइलचा कुठे पत्ताच नाही. बघणाऱ्याला वाटणार, हा शर्ट विकतो. फुकट येणाऱ्या माणसाने चुकून उघडलं तर आपलं काही जात नाही, पण जाहिरातीत चुकून उघडणाऱ्याचेही ३७ सेंट.

पुतणी कॉलेजात आहे, तिला फोटोचा नाद आहे. तिला बोलावलं. ती म्हणाली, "काका, मशीनची रिंगच दाखवा ना. शर्ट कशाला?" मग रिंगमध्ये ताणलेलं कापड, त्यावर अर्धा भरलेला लोगो, मागे स्क्रीनवर त्याच लोगोचे टाके, आणि वर ठळक अक्षरांत डीएसटी, पीईएस, म्हणजे मशीनच्या फाइलींचे प्रकार. ज्याला मशीन चालवता येतं त्याला ही दोन नावं लगेच कळतात, बाकीचा माणूस पुढे सरकतो. हवं तेच.

फोटोत एक पूर्ण दिवस गेला. समोरून उजेड टाकला की धागा सपाट दिसतो. खिडकीचा तिरपा उजेड घेतला तेव्हा सॅटिनचे टाके उठून दिसले.

२३ जून

मधले बारा दिवस मुद्दाम जाहिरात लावली नाही. नव्या चित्राने बिनजाहिरातीचा फरक किती पडतो ते बघायचं होतं. क्लिक ६१, ऑर्डरी ५. त्यातल्या २ जुन्या ग्राहकांच्या. नवे ३, म्हणजे २० क्लिकला एक. चित्र बदलण्याआधीचा बिनजाहिरातीचा आकडा मी कधी लिहूनच ठेवला नव्हता, त्यामुळे चित्राचं श्रेय किती ते सांगता येत नाही. जाहिरात लावण्याआधी दोन आठवडे नुसते क्लिक आणि ऑर्डरी वहीत लिहा. माझा तो भाग कायमचा हुकला.

३० जून

२४ तारखेपासून जाहिरात पुन्हा सुरू, या वेळी बोली स्वतः ठरवली, जास्तीत जास्त १८ सेंट. दिसणं एकदम खाली आलं, दिवसाला तीन क्लिक. आठवड्यात २२ क्लिक, ३.५२ डॉलर. ऑर्डर १.

आनंद झाला होता, पण नाव बघितलं तर माझा दीड वर्षाचा ग्राहक. त्याला विचारलं, तू थेट निरोप का नाही पाठवलास? त्याने सांगितलं, शोधात टाइप केलं, तू वरच दिसलास, दाबलं. म्हणजे जो माझ्याकडे येणारच होता त्याला आणायचे मी पैसे दिले. जाहिरातीच्या पानावर ती ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात दिसते आणि खर्च सार्थकी लागल्यासारखा वाटतो. आता वहीत वेगळा रकाना केलाय: नवा की जुना. माझ्या हिशेबात या आठवड्याची ऑर्डर शून्य.

जुन्या सगळ्या ग्राहकांना, २३ जण होते, फायव्हरच्याच निरोपपेटीत लिहिलं: नवीन लोगो असला की इथेच टाका, मी भाव लावून ऑफर पाठवतो, तुम्हाला शोधावं लागणार नाही. नऊ जणांचं उत्तर आलं. त्यांना बाहेर ईमेलवर ओढायचा मोह कुणी करू नये. नियमात बसत नाही, आणि खातं गेलं की दोन वर्षांचे अभिप्राय जातात.

५ जुलै

भाव १५ केला. हातात १२. भीती होती की १० वाले सगळे जातील. पण ८ डॉलरमध्ये क्लिकची जागाच उरत नाही हे जूनमध्ये दिसलंय. छोट्या लोगोत सहा ते दहा हजार टाके असतात, त्यात ५ मिलिमीटरपेक्षा बारीक अक्षरं आली की ६० नंबरचा बारीक धागा आणि बारीक सुई धरून पंचिंग करावं लागतं, हे बहुतेक स्वस्तवाले करत नाहीत. तेच वर्णनात पहिल्या ओळीत लिहिलं. बोली २५ सेंट.

१२ जुलै

जॅकेटच्या पाठीवरच्या मोठ्या डिझाइनची वेगळी गिग टाकली, ४० डॉलर. चाळीस हजारांच्या वर टाके, साडेतीन तासांचं काम. हातात ३२ पडतील. ३० क्लिकला एक ऑर्डर धरली तरी क्लिकला १ डॉलर ६ सेंटपर्यंत जागा आहे. छोट्या लोगोला जी बोली परवडत नव्हती ती इथे आरामात बसते, कारण कामाचा भाव जेवढा वाढतो तेवढा क्लिकचा भाव वाढत नाही. हे कळायला मला सहा आठवडे लागले.

अडचण अशी की नव्या गिगला जाहिरातीचा पर्याय लगेच मिळत नाही. आधी कामं करून दाखवायची. तोवर थांबायचं.

त्या काळात अपवर्क या दुसऱ्या साइटवर प्रयत्न करायचं ठरवलं. तिथली रीत निराळी आहे. अर्ज करायला कनेक्ट्स नावाची टोकनं विकत घ्यावी लागतात, एक १५ सेंटला. जीएसटी नंबर नसेल तर भारतातल्या माणसाला त्यावर १८ टक्के जीएसटी. मी १०० घेतले, १५ ऐवजी १७.७० डॉलर गेले. अर्ज वर दिसावा म्हणून त्यावर आणखी कनेक्ट्सची बोली लावता येते, आणि प्रोफाइल वर दाखवायचं असेल तर ग्राहकाने क्लिक केलं की कनेक्ट्स कापतात. तीही क्लिकचीच जाहिरात, फक्त नाणं वेगळं.

कमिशनचा इतिहास तिथे बराच बदललाय. २०१६ पासून एका ग्राहकाच्या पहिल्या ५०० डॉलरवर २० टक्के, मग १०, मग ५. मे २०२३ पासून सरसकट १०. १ मे २०२५ पासून नव्या कामांना ० ते १५ टक्के, कामागणिक वेगळे, अर्ज करतानाच आकडा दिसतो. जुने लेख वाचून हिशेब करू नका, अर्जाच्या पानावरचा आकडा धरा.

२२ जुलै

आज वाईट दिवस गेला, सविस्तर लिहितो.

जाहिरातीतून १५ डॉलरची ऑर्डर आली. ग्राहकाने लोगो टाकला, रुंदी ४ इंच लिहिली. मी नेहमीसारखी छातीची फाइल केली, पीके, म्हणजे पोलो शर्टाच्या कापडावर नमुना मारला, उत्तम आला, फाइल दिली. दोन दिवसांनी त्याचा फोटो आला: टोपीवर भरलेला लोगो, कडा सरकलेल्या, अक्षरांच्या मध्ये कापड फुगून वर आलेलं. टोपी. मी विचारलंच नव्हतं.

टोपीची फाइल वेगळी करावी लागते. टोपी गोल, मध्ये शिवण, रिंगमध्ये छातीच्या कापडासारखी ताणून बसत नाही. म्हणून खालून वर आणि मधून बाहेर असा टाक्यांचा क्रम लावायचा, म्हणजे कापड ढकललं गेलं तरी कडेला निघून जातं. डावीकडून उजवीकडे भरलं की सगळी ढकल मध्ये साठते. हे मला १४ वर्षांत शंभरदा माहीत आहे. घाईत विचारलं नाही, एवढंच.

मी नवी फाइल दोन तासांत करून दिली, पण त्याच्या आठ टोप्या वाया गेल्या होत्या. त्याने ऑर्डर रद्द केली. पूर्ण पैसे परत. क्लिकचे पैसे अर्थातच परत येत नाहीत. त्याचा राग बरोबर होता. टोप्यांचे पैसे द्यायची तयारी मी दाखवली, त्याने नको म्हटलं.

ऑर्डर देताना भरायचे प्रश्न आजच बदलले: कशावर भरणार, टोपी की सपाट? कापड कोणतं? मशीन कोणत्या कंपनीचं? फोमवर उठावाचं हवंय का? चारही सक्तीचे. उत्तर दिल्याशिवाय काम सुरूच होत नाही.

२६ जुलै

५ ते २५ जुलै: ६३ क्लिक, १३.८६ डॉलर. नव्या ऑर्डरी ३, एक रद्द. हातात २४. उरले १०.१४. भाव वाढवून कोणी पळालं नाही. जाहिरात आठवडाभर बंद, टोपीमुळे मन लागत नाहीये.

अपवर्क: पाच अर्ज, सरासरी १२ कनेक्ट्स, ६० गेले. तीन अर्जांवर बोली लावली. एकदा माझ्यापेक्षा जास्त बोलीवाले आले, तेव्हा बोलीचे परत मिळाले, अर्जाचे मूळ नाही. बाकी दोन बोलींचे मिळून १८. प्रोफाइलच्या जाहिरातीत ९ क्लिकना १८ कनेक्ट्स, एकही निरोप नाही. ती बंद केली. माझं प्रोफाइल तिथे नवं आहे, एकही अभिप्राय नाही. रिकाम्या दुकानाबाहेर पाटी लावल्यासारखं झालं.

३१ जुलै

बोली न लावलेल्या अर्जातून काम मिळालं. अमेरिकेतलं टोप्या आणि जॅकेट करणारं छोटं दुकान. अर्जात मी लंबंचवडं काही लिहिलं नव्हतं. त्यांनी टाकलेल्या लोगोत कुठे धागा तुटेल, टोपीवर क्रम कसा लावावा लागेल, एवढंच चार ओळींत. २२ तारखेची ठेच ताजी होती म्हणून नेमकं लिहिता आलं. महिन्याला सात-आठ डिझाइन, १५ डॉलर एक. या कामावर कमिशन १० टक्के दिसलं.

८ ऑगस्ट

२ तारखेपासून छोट्या लोगोची जाहिरात पुन्हा चालू आहे. जुलैचे निरोप वेळेसकट उतरवून काढले तर एक गोष्ट दिसली. नव्या माणसांचे निरोप संध्याकाळी सातनंतर ते रात्री एकपर्यंत येतात. तेव्हा अमेरिकेत कामाचा दिवस चाललेला असतो. मी सकाळी आठला उत्तर द्यायचो, तोवर तो दुसऱ्याकडे गेलेला. दुपारचे क्लिक बरेच, पण त्यातून ऑर्डर नाही. आता मी संध्याकाळी साडेसहाला जाहिरात हाताने सुरू करतो, साडेबाराला बंद करून झोपतो. सौ. म्हणते तब्येत सांभाळा. तिचं बरोबर आहे, म्हणून दुपारी दोन तास झोप ठरवून टाकली.

काल पावसात रात्री नऊला वीज गेली, इंटरनेटही. जाहिरात चालूच राहिली, सकाळी बघतो तर सात क्लिक, दोन निरोप, दोन्ही गेलेले. फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं डेटा कार्ड टाकून ठेवलंय.

१५ ऑगस्ट

२ ते १४ ऑगस्ट: ३७ क्लिक, ८.१४ डॉलर, नव्या ऑर्डरी २, हातात २४. साडेअठरा क्लिकला एक. बरं आहे, पण दोन ऑर्डरींवरून नियम काढणार नाही.

छोट्या लोगोची जाहिरात आज कायमची बंद केली. जूनपासूनची बेरीज मारली तेव्हा छातीत धस्स झालं: खर्च ५६.६०, जाहिरातीतून आलेल्या नव्या ग्राहकांचे हातात पडलेले ५६. पाच कामं पूर्ण करून दिली आणि मजुरी शून्य. त्यातला मोठा वाटा पहिल्या आठवड्याचा आहे हे खरं, पण तो आठवडासुद्धा माझ्याच पैशांचा होता.

२६ ऑगस्ट

२० तारखेला मोठ्या गिगला जाहिरातीचा पर्याय मिळाला. बोली ४५ सेंट. उद्या गणपती बसणार, पाच दिवस मी मशीनवर नसणार. नमुना मारता येणार नाही म्हणून जाहिरात आज बंद. चालू ठेवली असती तर ऑर्डर आली असती आणि मी नमुन्याशिवाय फाइल दिली असती. टोपीनंतर ते करणार नाही.

५ सप्टेंबर

मोठी गिग, गणपतीचे दिवस वगळून: ५८ क्लिक, सरासरी ४१ सेंट, २३.७८ डॉलर. ऑर्डरी ३: ४०, ४० आणि ५५. कमिशन जाऊन १०८. जाहिरात वजा करून ८४.२२. साडेदहा तासांचं काम, तासाला ८ डॉलर. छोट्या लोगोपेक्षा इथे क्लिक महाग पडला तरी हातात जास्त राहिलं.

५५ वाला मोटारसायकल क्लबचा आहे. तो परवा आणखी दोन डिझाइन घेऊन निरोपपेटीत थेट आला, म्हणजे त्या दोनचा क्लिकचा खर्च नाही. मोठं काम घेणाऱ्याकडे मशीन असतं, आणि मशीन असलेल्याला पंचिंग पुन्हा लागतंच. वहीत आता ग्राहकाच्या नावापुढे पुढच्या ऑर्डरी लिहायला जागा सोडलीय.

११ सप्टेंबर

अपवर्कचा ऑगस्टचा हिशेब. ८ डिझाइन, १२० डॉलर. १० टक्के कमिशन १२, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी २.१६. आणि ६ डॉलर टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, ज्याची कल्पनाच नव्हती.

दोष माझा. खात्यात पॅन भरायचा राहिला होता. कलम १९४-ओ खाली अशा व्यासपीठांवरच्या विक्रीवर टीडीएस कापतात. दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के आहे, आधी १ टक्का होता. पॅन दिलेला असेल आणि वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल तर व्यक्तीला कापत नाहीत. पॅन नसेल तर ५ टक्के. आणि पॅनच नसल्यामुळे हे ६ डॉलर माझ्या २६एएसमध्येही, म्हणजे कापलेल्या कराच्या उताऱ्यातही, दिसणार नाहीत. गेले. आज पॅन भरला, दहा मिनिटं लागली.

सीएने दुसरी चूक दाखवली. मी वहीत हातात आलेली रक्कम कमाई म्हणून लिहीत होतो. कमाई म्हणजे ग्राहकाच्या ऑर्डरची पूर्ण रक्कम. कमिशन, क्लिक, कनेक्ट्स हे सगळे वेगळे खर्च दाखवायचे, पावत्या उतरवून ठेवायच्या. टीडीएससुद्धा पूर्ण रकमेवर लागतो, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत. जूनपासूनची वही परत लिहिली, दोन संध्याकाळी गेल्या.

२० सप्टेंबर

फायव्हरवर जूनपासून ५ सप्टेंबरच्या हिशेबापर्यंत जाहिरातीचा एकूण खर्च ८०.३८ डॉलर, नव्या ग्राहकांकडून हातात आलेले १६४. अपवर्कला कनेक्ट्सचे १७.७०, आणि पहिल्याच महिन्यात सगळं कापून ९९.८४, काढायचे ९९ सेंट वेगळे. चालू आहे ती फक्त मोठ्या गिगची जाहिरात, संध्याकाळी साडेसहा ते साडेबारा, रोज ३ डॉलर. बोली कालपासून ४० सेंट केलीय, दिसणं किती घटतं ते दोन आठवडे बघणार.

मोटारसायकल क्लबचं तिसरं डिझाइन रिंगमध्ये आहे, ६२ हजार टाके. गरुडाच्या पंखाखाली धागा दोनदा तुटला, तिथली दाटी कमी करून पुन्हा नमुना लावलाय.